शनिवारचा खिळा

मी एक जुना पुलर आहे. मित्रांनो, माझ्या वयाची हत्यारे आपली कहाणी सांगू लागली, की चौथ्या वाक्याला गंजावर येतात. मला अडगळीत फेकले, माझ्यावर धूळ बसली, माझी किंमत कोणाला कळली नाही, असे रडगाणे सुरू होते. माझे तसे नाही. माझ्या अंगावर आजही गंजाचा ठिपका शोधून सापडायचा नाही. मला फार जपले गेले. तीच माझी तक्रार आहे, आणि ती ऐकवण्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

पुलर म्हणजे काय, ते आधी सांगतो. मोटारीचे चाक आसावर फिरते. चाक आणि आस यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांचे एक कडे असते, त्याला बेअरिंग म्हणतात. ते झिजले, की चाक आधी घुरघुरते आणि मग डुलू लागते. नवे बसवायचे तर जुने काढायला हवे, आणि जुने काही सुखासुखी निघत नाही. हट्टी भाडेकरूसारखे ते आसाला धरून बसते. तिथे माझे काम. मला तीन पाय आहेत आणि पायांच्या टोकांना आत वळलेल्या नख्या. नख्या कड्यामागे अडकवायच्या, माझ्या डोक्यातून गेलेला आट्यांचा दांडा आसाच्या तोंडावर टेकवायचा आणि सावकाश फिरवत राहायचे. ठोकाठोक नाही, आरडाओरडा नाही. शेवटी 'टक्' असा आवाज होतो आणि कडे मुकाट्याने माझ्या नख्यांत येते. असे शेकडो 'टक्' मी ऐकले. एक ऐकायचा राहिला.

माझा जन्म पनवेलचा, एकोणीसशे चव्वेचाळीस सालचा. मोठी लढाई चालू होती. मनासे हासाजी नावाचा एक मिस्त्री मुंबईच्या मोटारखान्यात बरीच वर्षे काढून गावी परतला होता आणि वडाळे तळ्याच्या बाजूला त्याने घराला लागूनच छोटे गॅरेज टाकले होते. मनासे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी. त्याचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पुढे घाणे गेले, तेलाच्या जागी ग्रीस आले, शनिवार मात्र तसाच राहिला. शुक्रवारी दिवस कलला, की मनासे हात धुऊन जो दूर व्हायचा, तो शनिवारी रात्र पडेपर्यंत पान्यालाही शिवायचा नाही.

अशा या मनासेला पुलर हवा होता आणि तो कुठे मिळेना. लढाईमुळे विलायती हत्यारे बाजारातून नाहीशी झाली होती. त्याने मुंबईची हत्यारांची दुकाने पालथी घातली, जुन्या बाजारात लोखंडाचे ढीग उपसले, ओळखीच्या चार फिटरांचे दार ठोठावले. दुकानदार म्हणायचे, "लढाई संपली की या." पण चाकाला कुठे ठाऊक लढाई कधी संपणार ते! शेवटी मनासे काळूराम लोहाराकडे गेला.

तेव्हा पनवेल म्हणजे बैलगाडीच्या चाकांचे गाव. घाटावरून लोक चाके न्यायला येत. काळूराम त्या चाकांना धाव चढवायचा. धाव म्हणजे चाकाच्या कडेवरचा लोखंडी पट्टा. तो गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. चर्रर्र आवाज व्हायचा, पट्टा आकसायचा आणि चाकाला असा आवळून बसायचा, की पंधरा वर्षे हलायचा नाही. काळूरामची धाव निसटली, असे कोणी ऐकले नव्हते.

त्याने मनासेचा कागदावरचा नकाशा पाहिला आणि तो हसत सुटला.

"बेअरिंग काडायला तीन पायांचं भूत कशाला रं? घन हाय ना माजा. दोन घातले की आलं भाईर."

"घणाने कडंही फुटतं आणि आसही दुखावतो," मनासे म्हणाला. "मला ठोकायचं नाही, काळूराम. ओढायचं आहे."

"वडायचंय तं बैल आन!"

हसला, पण काम मन लावून केले. एका मोडक्या ट्रकच्या कमानपट्टीतून त्याने माझे पाय घडवले. ते पोलाद होते, म्हणून त्याने ते तापवून पाण्यात बुडवले आणि पुन्हा हलकी आच दाखवली. नुसते पाणी पाजलेले पोलाद काचेसारखे तडकते, म्हणून ही दुसरी आच. माझे डोके मात्र त्याने एका जुन्या बैलगाडीच्या आसातून काढले. त्याला ना पाणी, ना आच. मनासेने विचारले तेव्हा काळूराम म्हणाला, "आसाचं लोखंड मऊ. त्याला पानी वतलं काय आनि नाय काय, सारकंच." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी त्या वेळी ते सहज ऐकले होते. मग मनासेने मुंबईहून आटे पाडून आणलेला दांडा माझ्या डोक्यात बसवला आणि काळूरामने माझ्या एका पायावर खूण म्हणून तीन टिकल्या ठोकल्या. असा मी निम्मा पोलादाचा, निम्मा मऊ लोखंडाचा जन्मलो.

माझ्या कामाची वर्षे सुखाची होती, हे मला कबूल केले पाहिजे. मनासे कोणाला काही लपवणारा माणूस नव्हता. त्याच्याकडे गाडी आली, की तो मालकालाच चाकाजवळ बसवायचा आणि म्हणायचा, "पहिल्यांदा मी काढतो, तू बघ. दुसऱ्यांदा तू काढ, मी बघतो. तिसऱ्यांदा मला हाक मारू नकोस, पुलर घेऊन जा." लढाई संपल्यावर वहाब त्याच्याकडे असाच शिकला. वहाब पनवेलचाच, कोकणी मुसलमान. त्याने लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी गाडी घेतली होती, तिला लाकडी बाके बसवली होती, आणि पनवेलपासून उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत तो उतारू नेऊन सोडायचा. उतारूंबरोबर कोंबड्या असत, परतताना मासळीच्या पाट्या असत, आणि वहाबची बडबड जाता-येता असे. त्याची गाडी म्हणजे रोजचे एक दुखणे. पण तिचे प्रत्येक दुखणे तो स्वतः काढायचा. मला हातात घेताना तो "बिस्मिल्ला" म्हणायचा, आणि कडे निघाले की मला थोपटायचा. हत्याराला थोपटणारा माणूस मी त्याच्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

आता खिळ्याचे सांगतो. सगळे त्यातच आहे.

मनासे शनिवारी हत्याराला शिवायचा नाही, आणि शिवायचे नाही म्हणजे हातात उचलून द्यायचेही नाही. पण गाड्यांना वार कळत नाही. त्याने यावर सोपा तोडगा काढला. गॅरेजच्या दाराबाहेर, पडवीच्या खांबाला, हात वर केला की पोचेल इतक्या उंचीवर त्याने एक लांब खिळा ठोकला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मला पुसून, तेल लावून तो त्या खिळ्यावर टांगायचा. शनिवारी ज्याला गरज पडेल त्याने न विचारता मला घ्यावे आणि काम झाले की परत टांगावे. "शनिवार माझा आहे," तो म्हणायचा, "रस्त्यावर अडलेल्या माणसाचा नाही." त्याची बायको हेप्झिबा सब्बाथचा, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लावायला काडी हातात घ्यायची आणि आतून ओरडायची, "अहो, पुलर बाहेर गेला का?" तो "गेला" म्हणाला, की मगच काडी ओढली जायची. पंधरा वर्षे तो दिवा मी बाहेरून, खिडकीतून पाहिला. एखाद्या शनिवारी कोणीच यायचे नाही. तेव्हा मी नुसता वाऱ्यावर लोंबत राहायचो, आणि खोटे कशाला बोलू, तेही मला आवडायचे.

मनासेच्या हाताखाली बेलपाड्याचा धर्मराज होता. चांगला कामसू गडी. त्याला खिळा मुळीच पसंत नव्हता. एकदा एका लॉरीवाल्याने शनिवारी मला उचलले आणि परत टांगायचे विसरून तो थेट कर्जतला गेला. मला आणायला धर्मराज उन्हातान्हात हेलपाटे घालत राहिला, आणि तिसऱ्या खेपेला मी त्याला सापडलो. मनासे नुसता हसला. धर्मराज मात्र कुरकुरला, "मिस्त्री, सगलेच आपापली चाकं काडाया लागले तं आपल्याकं कोन येल?" त्यावर मनासे म्हणाला, "येतील रे. ज्याला चाक काढता येतं, त्याला ते कधी बिघडलं तेही कळतं. तो वेळेवर येतो." धर्मराजला ते पटले नाही. आपल्याला न पटलेले तो मुकाट्याने गिळायचा आणि जन्मभर लक्षात ठेवायचा.

एकोणीसशे एकोणसाठ साली मनासे आणि हेप्झिबा इस्रायलला जायला निघाले. हेप्झिबाचे भाऊ आधीच गेले होते. निघण्याआधी घरी मलिद्याचा विधी झाला. खोबरे घातलेले गोड पोहे आणि फळे यांची ताटे काळूराम, वहाब आणि धर्मराज यांच्या घरी गेली. गॅरेज मनासेने धर्मराजला दिले. शेवटच्या दिवशी त्याने मला फडक्याने पुसले, धर्मराजच्या दोन्ही हातांत ठेवले आणि म्हणाला, "याला जिवापाड सांभाळ." एवढेच. खिळ्याचे तो काही बोलला नाही. पंधरा वर्षे रोज डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट, ती पुन्हा काय सांगायची, असे त्याला वाटले असेल. शहाणी माणसेसुद्धा अशी चुकतात.

धर्मराजने मला जिवापाड सांभाळले. त्याच दिवशी त्याने मला तेलात भिजवलेल्या धडप्यात गुंडाळले, पत्र्याच्या पेटीत ठेवले, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली करदोट्याला बांधली. पहिल्या शनिवारी वहाब आला, त्याने सवयीने हात वर केला आणि रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिला.

"पुलर?"

"मिस्त्रीनी नेला संगं," धर्मराज म्हणाला.

"नेला? बरं केलं. जीव होता त्याचा त्याच्यावर," वहाब म्हणाला आणि निघून गेला. त्याने संशयसुद्धा घेतला नाही. पेटीतल्या पेटीत मी लाजेने मेलो.

पुढची दोन वर्षे मी चोरासारखी काढली. बेअरिंगची गाडी आली, की धर्मराज मालकाला चहाला पिटाळायचा, दारावर गोणपाटाचा पडदा सोडायचा आणि मगच पेटी उघडायचा. 'टक्' झाले की मी पुन्हा आत. मालक परत येऊन पाहतो तो बेअरिंग बाहेर. लोक म्हणू लागले, "धर्मराजचा हातगुण काय आहे! घण नाही, छिन्नी नाही, नुसत्या हाताने काढतो." धर्मराजनेही ते नाकारले नाही. करणारा मी आणि हातगुण त्याचा! पण त्याचे मला दुःख नव्हते. एकदा खोटे बोलल्यावर माणूस त्या खोट्याचा चाकर होतो, आणि चाकराला रजा नसते, हे मात्र मी रोज पाहत होतो.

मग एकसष्ट सालचा जून महिना आला. शनिवार होता. धर्मराजच्या भाचीची बेलपाड्याला हळद होती. तो नवे धोतर नेसून, गॅरेजला कुलूप लावायच्या बेतात उभा होता, तेवढ्यात वहाब धापा टाकत आला. त्याचा आवाज मी पेटीतून ओळखला.

"धर्मराज, पुढचं डावं चाक धरलंय. नवं बेअरिंग मुंबैहून आणून ठेवलंय, पण जुनं निघेना. तुझा हातगुण दाखव रे जरा."

"सोमवारी आन. मी हलदीला चाललो."

"सोमवारी कसं? सायराला उरणच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमलंय. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. उद्या मला तिला पोचवायचं आहे. पाव तासाचं तर काम तुझं!"

सायरा त्याची मुलगी, एकुलती एक. त्यांच्या घरात नोकरीची ऑर्डर आलेली ती पहिलीच. ती ऑर्डर वहाबने गाडीतल्या प्रत्येक उतारूला वाचायला दिली होती, असे लोक हसून सांगत.

"पावनं थांबलेत, वहाबभाय. येष्टीनं ने ना पोरीला."

"एस.टी.नं?" वहाबचा आवाज चढला. "पंधरा वर्षं दुनियेच्या लेकी मी धक्क्यावर सोडल्या. आणि माझी एस.टी.नं जाईल?"

हट्टच होता तो, मी नाही म्हणत नाही. पण बापाचा होता.

वहाब बहुतेक खिळ्याकडे पाहत असावा, कारण तो अगदी हळू म्हणाला, "आज शनिवार. मिस्त्री असता तर मी तुला विचारलंही नसतं. हात वर केला असता, बस."

धर्मराजचा हात कमरेला गेला असावा. मला किल्लीचा आवाज ऐकू आला. मित्रांनो, पेटीपासून वहाब चार पावलांवर होता. पडदा सोडायची सबब नव्हती, चहाला पिटाळायची वेळ नव्हती. पेटी उघडायची म्हणजे दोन वर्षांचे खोटे त्याच्यासमोर उघडायचे. तेवढेच करायचे होते. किल्ली दोनदा वाजली आणि थांबली.

"सोमवारी आन," धर्मराज म्हणाला. दाराला कुलूप लागले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. नंतर याच दुकानात लोकांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकले. वहाब त्या दुपारी सारे पनवेल हिंडला. एका गॅरेजवाल्याकडे पुलर होता, पण त्याच्या नख्या मोठ्या ट्रकच्या मापाच्या. एका मालवाहतूकवाल्याच्या फिटरने सांगितले, मालकाला विचारल्याशिवाय हत्यार बाहेर जात नाही, आणि मालक गावाला गेलेला. एकाने तर वहाबलाच विचारले, "धर्मराज नुसत्या हाताने काढतो म्हणे. तो कुठे आहे?" शेवटी ऊन उतरताना वहाब काळूरामच्या भट्टीपुढे जाऊन बसला. पुलर शोधायला निघालेला माणूस, ज्याने पुलर घडवला त्याच्याच दारात.

"मनासेचं भूत असतं तं पाव घटकेचं काम व्हतं," काळूराम म्हणाला. "पन तू कशाला रडतंस? आपली पोर साळंत मास्तरीन व्हनार. आन गाडी हिकडं."

त्याने घण उचलला नाही. मनासेचे बोलणे त्याच्या ध्यानात होते, घणाने आस दुखावतो. म्हणून त्याने आपल्याला येत होते ते केले. आसाभोवती कोळसे रचले, भाता लावला आणि कडे लाल केले. कडे सैल झाले, चिमट्याने ओढल्याबरोबर निघाले. आसही लाल झाला होता. काळूरामने सवयीप्रमाणे घागर उचलली आणि जन्मभर धावेवर ओतले तसे त्याच्यावर पाणी ओतले. आसाचे लोखंड मऊ, त्याला पाणी ओतले काय आणि न ओतले काय! बैलगाडीचा आस असता तर त्याचे शंभर टक्के खरे होते. पण हा मोटारीचा आस होता, पोलादाचा, माझ्या पायांसारखा. पाणी प्याला आणि काचेसारखा झाला. दुसरी आच त्याला कोणी दाखवली नाही. पनवेलमध्ये काळूरामइतके लोखंड कळणारा माणूस नव्हता, आणि ही चूक करायला तोच माणूस हवा होता.

रविवारी सकाळी सायराची ट्रंक आणि वळकटी गाडीत चढली. तिची आई शहाबानो दारात उभी राहिली. गाडी अर्ध्याहून जास्त वाट चांगली गेली. उरणकडे एक लांब उतार लागतो, तिथे डावा आस तुटला आणि चाक एकटेच पुढे धावत गेले. गाडी रस्त्याकडेच्या खाजणात, खाऱ्या चिखलात उलटली. सायराचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. वहाब जागीच गेला. सोमवारी शाळेत दुसरी बाई हजर झाली.

लोक म्हणाले, आयुष्याची दोरी तुटली. लोकांना दोरीचे फार! तुटला तो आस होता, मित्रांनो, आणि त्यामागे एक कुलूप होते हे तेव्हा फक्त मला आणि धर्मराजला ठाऊक होते. काळूरामला इतकेच ठाऊक होते, की आग आपली. त्याने भट्टीवर पाण्याची घागर पालथी केली ती कायमची. त्यानंतर पनवेलमध्ये काळूरामची धाव कोणाला मिळाली नाही.

श्रावण सरता सरता मनासेचे पत्र आले. आधी दोन आली होती, चार ओळी खुशालीच्या. धर्मराज आणि काळूराम दोघेही निरक्षर, म्हणून ती सायरानेच वाचून दाखवली होती. हे पत्र जाड होते. पोस्टमनने वरची तिन्ही नावे वाचली: धर्मराज, काळूराम आणि वहाब. धर्मराज म्हणाला, पोस्टातल्या भाऊसाहेबांकडून वाचून घेऊ. पण काळूरामने ऐकले नाही. "वहाबचं नाव हाय वर. त्याची लेक वाचंल." तो स्वतः जाऊन सायराला घेऊन आला. कुबडीचा आवाज फरशीवर ठकठक करत आला आणि माझ्या पेटीपाशी थांबला. तिला बसायला धर्मराजने तीच पेटी पुढे केली.

ती वाचू लागली. मनासेला तिकडे बसगाड्यांच्या कारखान्यात काम मिळाले होते. हेप्झिबाला थंडी सोसत नव्हती. मग पत्र असे पुढे गेले: "इथे सगळ्यांचाच शनिवार असतो, त्यामुळे खिळ्यावर काही टांगावे लागत नाही. मला मात्र शुक्रवारी संध्याकाळी हात रिकामे वाटतात. हेप्झिबा दिवा लावताना अजून चुकून विचारते, पुलर बाहेर गेला का? मी म्हणतो, धर्मराजने टांगला असेल. धर्मराज, पुलर तुझ्या हाती देऊन आलो, म्हणून निर्धास्त आहे. वहाबच्या गाडीचे पुढचे डावे चाक लवकर धरते. त्याला सांग, आगीच्या आणि घणाच्या नादी लागू नकोस, खिळ्यावरून पुलर घे."

सायरा थांबली. मग तिने पुढे वाचायला सुरुवात केली. हवापाणी, भाज्यांचे भाव, सगळ्यांना सलाम, शहाबानोभाभीला सांगणे, सायरा आता मोठी झाली असेल. शेवटच्या अक्षरापर्यंत तिने सगळे वाचले, पत्राची घडी घातली आणि ती उभी राहिली.

"कुठं आहे, चाचा?"

धर्मराजने करदोट्याची किल्ली सोडली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी पेटी माणसांसमोर उघडली. धडपा सुटला. काळूरामने मला उचलले, उलटे केले, पायावरच्या तीन टिकल्यांवरून अंगठा फिरवला.

"आग माजी," तो धर्मराजला म्हणाला. "कुलूप तुजं. वाटून घेऊ."

धर्मराज रडू लागला. "मिस्त्रीनी सांगितलं व्हतं, सांबाल म्हनून. मी सांबालला वं. नुसता सांबालला."

सायराने काळूरामच्या हातातून मला घेतले. तिने मला कधी जवळून पाहिले नव्हते. माझे तेल तिच्या बोटांना लागले. आट्यांवर, पायांवर, नख्यांवर तिची नजर फिरली. मला वाटले, आता ती मला भिंतीवर आपटेल. मी वाट पाहत होतो. पण ती आवाज न चढवता म्हणाली, "किती नीट ठेवलात हो, चाचा. नवाच वाटतोय."

आजवर माझी पुष्कळ स्तुती झाली आहे. ही शेवटची. त्यानंतर कोणी केली असेल तर मी ऐकली नाही.

उत्तर धाडायला हवे होते. तिने तिथेच कागद मागितला, पेटीवर ठेवला आणि दोन ओळी लिहून मोठ्याने वाचल्या: "मनासेचाचा, अब्बा गेले. पुलर सुखरूप आहे."

त्या शुक्रवारी दिवस मावळायच्या आत धर्मराजने मला खिळ्यावर टांगले. तेव्हापासून मी तिथेच आहे. आज या गोष्टीला सात वर्षे झाली. गावात मोठी गॅरेजे आली, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगले पुलर आहेत, आणि या खिळ्याकडे हात वर करणारा कोणी उरला नाही. धर्मराज रोज सकाळी मला पुसतो, तेल लावतो. मला गंजायचीही मुभा नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी सायरा कुबडी टेकत समोरून जाते. ती धर्मराजकडे बघत नाही. खिळ्याकडे बघते, मी आहे ना याची खात्री करते आणि पुढे जाते.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. जपा. तेल लावा, पुसून ठेवा. पण तुमच्या घरात असे एखादे हत्यार असेल, एखादी शिडी असेल, विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असेल, तर आजच दाराबाहेर एक खिळा ठोका. फार उंच नको. थकून आलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे.